हवा गेली तर? : पडदा-झडपेची रचना आणि कार्य



काही दिवसांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना घेऊन मी एक दूध-प्रक्रिया केंद्र पाहायला गेलो होतो. आपल्या घरी येणारे पिशवीतले दूध तेथे पाश्चरीकरण करून बाहेर पडते. दूध सुमारे ७२ अंश सेल्सियसपर्यंत तापवायचे, त्या तापमानाला किमान १५ सेकंद ठेवायचे आणि लगेच थंड करायचे, ही त्याची रीत. दूध तापवायला गरम पाणी लागते आणि पाणी गरम करायला वाफ लागते. वाफ जास्त झाली तर दूध करपते. वाफ कमी पडली तर रोगजंतू जिवंत राहतात. म्हणून वाफेच्या नळावर एक झडप असते आणि ती दर क्षणी हवी तेवढीच उघडी राहते.

ही झडप उघडायला तेथे कोणी माणूस उभा नव्हता. झडपेच्या डोक्यावर दोन परातींची तोंडे एकमेकींना जोडल्यासारखा एक डबा होता आणि त्यात एक बारीक नळी शिरत होती. तंत्रज्ञ म्हणाले, "या नळीतून हवा येते. हवाच झडप उघडते."

आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "काका, पण ही हवा मध्येच गेली तर?"

ते हसले. त्या वेळी यंत्रात दूध नव्हते, धुण्याचे पाणी फिरत होते. त्यांनी हवेचा कॉक बंद केला आणि नळीतली हवा सोडून दिली. 'फुस्स' असा आवाज झाला, झडपेचा दांडा सरसर खाली गेला आणि वाफ बंद झाली. कोणी हात लावला नाही आणि विजेचे बटणही दाबले नाही.

त्या मुलीचा प्रश्न साधा होता, पण ही झडप बनवणाऱ्या अभियंत्याला तोच प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. झडपेची रचना समजावून घेताना आपणही तो सतत समोर ठेवू.

आधी एक प्रयोग

सुमारे २० सेंमी लांब आणि २५ सेंमी रुंद अशी जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या. तिच्या तोंडात एक रबरी नळी घालून दोऱ्याने घट्ट बांधा. पिशवी टेबलावर सपाट ठेवा, तिच्यावर एक पाटी ठेवा आणि पाटीवर पाठ्यपुस्तकांचा ढीग रचा. ढिगाचे वजन दहा किलोच्या आसपास असू द्या. आता नळीतून तोंडाने हळूहळू फुंका. पुस्तकांचा तो ढीग वर उचलला जाईल!

आपल्या फुप्फुसांत एवढी ताकद आली कोठून? हिशेब सोपा आहे. दहा किलो पुस्तकांचे वजन सुमारे १०० न्यूटन. पिशवीचे क्षेत्रफळ २० × २५ = ५०० चौरस सेंमी. म्हणजे दर चौरस सेंमीवर केवळ ०.२ न्यूटन बल पुरते. पाण्याचा २० सेंमी उंचीचा स्तंभ जेवढा दाब देतो तेवढाच हा दाब आहे. सरबताच्या पेल्यात नळी बुडवून बुडबुडे काढताना आपण याच्या निम्मा तरी दाब सहज देतो. दाब लहान असला तरी क्षेत्रफळ मोठे आहे, म्हणून

बल = दाब × क्षेत्रफळ

या सूत्राने बल मोठे होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पिशवी फुगू लागली की ती गोलसर होते आणि पाटीला कमी जागी टेकते. क्षेत्रफळ कमी झाल्याने तेच वजन पेलायला जास्त जोराने फुंकावे लागते. हा दोष झडपेत चालत नाही. तो कसा टाळतात ते पुढे येईलच.

(शिक्षकांना सूचना : पिशवीला सायकलचा पंप किंवा कॉम्प्रेसर लावू देऊ नये. पिशवी फुटून पुस्तके अंगावर पडण्याचा संभव असतो.)

झडपेचे दोन भाग

आपल्या झडपेचे सरळ दोन भाग पडतात. खालचा भाग नळावर बसतो आणि त्यातून वाफ, पाणी किंवा तेल वाहते. वरचा भाग म्हणजे झडप हलवणारा 'हात'.

खालच्या भागात एका भिंतीला गोल भोक असते. भोकाच्या घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या काठाला बैठक म्हणतात. या बैठकीवर नेमके बसेल असे धातूचे बूच असते. बूच बैठकीवर टेकले की वाट बंद होते आणि वर उचलले की उघडते. बुचाला एक सरळ दांडा जोडलेला असतो. तो झडपेच्या झाकणातून बाहेर येतो. दांड्याभोवतीच्या फटीतून वाफ बाहेर पडू नये म्हणून तेथे टेफ्लॉनची किंवा ग्रॅफाइटची कडी दाबून बसवलेली असतात. याला ग्लँड पॅकिंग म्हणतात. घरातल्या जुन्या पितळी नळाच्या दांड्याशी सुतळी गुंडाळलेली तुम्ही पाहिली असेल. काम तेच.

वरच्या भागात परातीच्या आकाराची दोन पोलादी झाकणे असतात. ती काठाकाठाने बोल्टांनी आवळलेली असतात आणि त्यांच्यामध्ये रबराचा एक पडदा धरलेला असतो. हाच 'डायफ्रॅम'. आपल्या छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटलालाही इंग्रजीत हेच नाव आहे. रबर नुसते असेल तर ते फुग्यासारखे ताणले जाईल, म्हणून त्यात नायलॉनचे मजबूत कापड घातलेले असते. पडद्याच्या मधल्या भागाला धातूची एक चकती लावलेली असते आणि चकतीला तो दांडा जोडलेला असतो.

पडद्याच्या एका बाजूला हवा येते आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग असते. दुग्धालयातील झडपेत हवा पडद्याखाली होती आणि स्प्रिंग वर. हवा दांड्याला वर उचलू पाहते आणि स्प्रिंग त्याला खाली दाबते. स्प्रिंगच्या बाजूच्या झाकणाला एक लहानसे भोक मुद्दाम ठेवलेले असते. पडदा वर सरकला की तिकडची हवा या भोकातून बाहेर जाते, आणि पडदा खाली आला की आत येते. हे भोक बुजले तर वरची हवा कोंडून दुसऱ्या स्प्रिंगसारखी वागू लागते आणि झडपेचा सगळा हिशेब चुकतो. कुंभारीण माशीला मातीचे घर करायला असली भोके फार आवडतात, म्हणून तेथे बारीक जाळी लावलेली असते.

पडद्याऐवजी सिलिंडर आणि दट्ट्या वापरता येणार नाही का? येतो, आणि मोठी चाल किंवा फार मोठे बल हवे असेल तेथे वापरतातही. पण दट्ट्या भिंतीला घासत सरकतो. पडदा कोठेच घासत नाही, तो नुसता वाकतो. म्हणून हवेच्या दाबातला अगदी लहान बदलही त्याला समजतो. पडद्याच्या काठाशी कापडाला थोडी सैल वळी दिलेली असते. ती वळी उलगडते आणि गुंडाळते, त्यामुळे पडदा सरकला तरी त्याचे परिणामी क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. आपल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा दोष येथे असा दूर होतो.

दाबाचे अंतर कसे होते?

आता थोडे गणित करू. पडद्याचे परिणामी क्षेत्रफळ ५०० चौरस सेंमी आहे असे धरू. म्हणजे साधारण २५ सेंमी व्यासाचा, जेवणाच्या ताटाएवढा पडदा.

अशा झडपांना आज्ञा देणाऱ्या हवेचा दाब सामान्यतः ०.२ बार ते १.० बार या मर्यादेत ठेवतात. १ बार म्हणजे दर चौरस सेंमीवर १० न्यूटन. हा दाब वातावरणाच्या दाबाहून जास्त असलेला, म्हणजे दाबमापकावर दिसणारा दाब समजायचा. मोटारीच्या चाकात आपण साधारण दोन बार हवा भरतो. त्याच्या निम्माच दाब येथे लागतो.

०.२ बार दाब असताना पडद्यावरील बल = २ × ५०० = १,००० न्यूटन.

१.० बार दाब असताना पडद्यावरील बल = १० × ५०० = ५,००० न्यूटन.

५,००० न्यूटन म्हणजे जवळजवळ ५०० किलोग्रॅमचे वजन. ५० किलोची सिमेंटची दहा पोती एकदम उचलण्याइतके हे बल आहे!

पण नुसते बल असून चालत नाही. बल असेच राहिले तर बूच एकतर पूर्ण वर जाईल, नाहीतर पूर्ण खाली. आपल्याला ते मध्येही थांबवायचे आहे. येथे स्प्रिंग मदतीला येते. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम तुम्ही शिकला आहात : स्प्रिंग जितकी दाबावी तितके तिचे विरोधी बल वाढते. आपली स्प्रिंग दर मिलिमीटरला २०० न्यूटन बल लागणारी आहे असे समजा. झडप जोडतानाच ती ५ मिमी दाबून बसवली आहे. म्हणजे हवा नसतानाही ती बुचाला ५ × २०० = १,००० न्यूटन बलाने बैठकीवर दाबून धरते. आता दाब वाढवत गेल्यास काय होते ते पाहा.

०.२ बार : बल १,००० न्यूटन, स्प्रिंग ५ मिमी दबलेली, झडप ० मिमी उघडी
०.४ बार : बल २,००० न्यूटन, स्प्रिंग १० मिमी दबलेली, झडप ५ मिमी उघडी
०.६ बार : बल ३,००० न्यूटन, स्प्रिंग १५ मिमी दबलेली, झडप १० मिमी उघडी
०.८ बार : बल ४,००० न्यूटन, स्प्रिंग २० मिमी दबलेली, झडप १५ मिमी उघडी
१.० बार : बल ५,००० न्यूटन, स्प्रिंग २५ मिमी दबलेली, झडप २० मिमी उघडी

दर वेळी दांडा तेथेच थांबतो जेथे हवेचे बल आणि स्प्रिंगचे बल सारखे होते. पडदा दाबाचे बल करतो आणि स्प्रिंग त्या बलाचे अंतर करते. दूर बसलेला नियंत्रक दुधाचे तापमान मोजतो, त्याप्रमाणे हवेचा दाब कमीजास्त करतो आणि झडप तितकीच उघडते.

येथे एक शंका तुमच्या मनात आली असेल. दाबाची मर्यादा शून्यापासून न धरता ०.२ बारपासून का धरली? समजा, 'झडप पूर्ण बंद कर' या आज्ञेला शून्य बार हा दाब ठरवला. मग नळी तुटून दाब शून्य झाला तर ती आज्ञा आहे की अपघात, हे कसे ओळखणार? ०.२ बार हीच शून्याची खूण ठेवली, तर दाबमापकाचा काटा त्याखाली जाताच काहीतरी बिघडले आहे हे लगेच कळते. आज अनेक कारखान्यांत आज्ञा विजेच्या तारेने जाते. ती ४ ते २० मिलिअँपिअर एवढ्या प्रवाहाने देतात. तेथेही सुरुवात शून्यापासून नाही, आणि कारण हेच.

हवा गेली तर?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. झडप पूर्ण उघडी असताना स्प्रिंग २५ मिमी दबलेली असते आणि बंद असताना ५ मिमी. उघडताना हवेला सरासरी ३,००० न्यूटन बल लावून दांडा २० मिमी, म्हणजे ०.०२ मीटर सरकवावा लागतो. यात झालेले कार्य ३,००० × ०.०२ = ६० ज्यूल. ही ६० ज्यूल ऊर्जा स्थितिज ऊर्जेच्या रूपाने स्प्रिंगमध्ये साठून राहते. हवा गेली, वीज गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, तरी ही ऊर्जा तेथेच असते. तीच झडप बंद करते. पुढे संकट आले तर ते निवारायला लागणारी शक्ती, काम सुरळीत चालू असतानाच बाजूला काढून ठेवलेली असते.

पण हवा गेल्यावर झडप बंदच व्हायला हवी, असे मात्र नाही. हवा वरून सोडली आणि स्प्रिंग खाली ठेवली, तर उलटी झडप तयार होते. तिच्यात हवा बूच खाली दाबून बंद करते, आणि हवा गेली की स्प्रिंग ते उघडते. यांपैकी कोणती झडप कोठे बसवायची?

भट्टीला इंधन पुरवणाऱ्या नळावर हवा गेल्यास बंद होणारी झडप हवी. नाहीतर कोणाचे नियंत्रण नसताना इंधन वाहत राहील. उलट, रासायनिक क्रियेत तापणाऱ्या भांड्याला थंड पाणी पुरवणाऱ्या नळावर हवा गेल्यास उघडणारी झडप हवी. पाणी वाया गेले तरी चालेल, पण भांडे तापून फुटता कामा नये. प्रत्येक नळाशी उभे राहून अभियंत्याला स्वतःला विचारावे लागते : हवा गेली तर येथे काय झालेले बरे? त्याचे उत्तर स्प्रिंगच्या जागेवरून ठरते. एकदा स्प्रिंग बसवली की ऐनवेळी कोणाला काही ठरवायचे उरत नाही.

दुग्धालयात अशी दोन उत्तरे एकत्र पाहायला मिळाली. हवा गेली की वाफेची झडप बंद होते, दूध तापायचे थांबते. मग अर्धवट तापलेले दूध पुढे जाईल का? नाही. १५ सेकंदांच्या नळीच्या टोकाशी आणखी एक झडप असते. दूध पुरेसे तापलेले असेल तर ती त्याला पुढे सोडते, नसेल तर मागे टाकीत पाठवते. ही झडपही हवेवर चालते आणि तिच्यातही स्प्रिंग असते. दूध पुढे पाठवायला हवा लागते. मागे पाठवण्याचे काम स्प्रिंग करते. म्हणून हवा गेली तर सगळे दूध आपोआप मागे वळते.

हाच विचार रेल्वेत फार पूर्वी झाला. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये हवेवर चालणारे ब्रेक आणले. त्यात इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागत. पण गाडीचे डबे तुटून वेगळे झाले, तर मागच्या डब्यांना हवा मिळत नसे, आणि ब्रेक सर्वांत जास्त हवे असत तेव्हाच ते लागत नसत. १८७२ मध्ये त्यांनी ही व्यवस्था उलटी केली. नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले, आणि दाब गेला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीत साठवलेल्या हवेने ब्रेक लागलेले. मोठ्या बसगाड्या आणि ट्रक यांच्या ब्रेकच्या डब्यातही रबरी पडदा असतो. अशा अनेक गाड्यांत उभ्या गाडीचा ब्रेक जोरदार स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. ड्रायव्हर गाडी उभी करतो तेव्हा येणारा 'फुस्स' आवाज पुष्कळदा त्याच स्प्रिंगला मोकळे करणारी हवा बाहेर पडल्याचा असतो.

वाहत्या द्रवाचे बल

आतापर्यंत आपण पडदा आणि स्प्रिंग यांचाच विचार केला. पण नळातला द्रवही बुचाला ढकलत असतो, हे विसरून चालणार नाही.

समजा, बैठकीच्या भोकाचा व्यास ५ सेंमी आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंमी. झडप बंद असताना बुचाच्या खालच्या आणि वरच्या बाजूंच्या दाबांत १० बारचा फरक असेल, तर द्रव बुचाला १०० × २० = २,००० न्यूटन बलाने वर ढकलतो. आपली स्प्रिंग त्याला खाली दाबते फक्त १,००० न्यूटनने. म्हणजे हवा गेली तरी झडप बंद होणारच नाही! कागदावर ती 'हवा गेल्यास बंद' असेल, प्रत्यक्षात मात्र उघडी राहील. गणित केले तर ५ बारच्या फरकालाच ही स्प्रिंग हार खाते. दांड्याचे घर्षण आणि बूच घट्ट बसायला लागणारे जादा बल धरले, तर त्याच्याही आधी. दुग्धालयातील वाफेचा दाब ३ बार असेल, तर वर ढकलणारे बल ६०० न्यूटन होईल आणि आपली झडप पुरी पडेल.

मग जास्त दाबासाठी काय करायचे? एक उपाय म्हणजे मोठा पडदा आणि आधीच जास्त दाबून बसवलेली स्प्रिंग. दुसरा अधिक हुशारीचा. बुचाला आरपार भोके पाडून खालचा दाब बुचाच्या वर बंदिस्त जागेत पोहोचवायचा. मग दोन्ही बाजूंनी सारखाच दाब पडून बलांची बहुतेक वजाबाकी होते. तिसरा उपाय म्हणजे एकाच दांड्यावर दोन बुचे आणि दोन बैठका. द्रव एका बुचाला वर ढकलतो आणि दुसऱ्याला खाली. पण दोन्ही बुचे एकाच क्षणी अगदी घट्ट बसणे अवघड असते, म्हणून अशी झडप थोडी गळते.

सांगितले ते झाले का?

आणखी एक अडचण आहे ती घर्षणाची. पॅकिंग घट्ट आवळले की दांडा त्यात अडखळतो. हे घर्षण ३०० न्यूटन आहे असे धरा. स्प्रिंगला दर मिलिमीटरला २०० न्यूटन लागतात, म्हणून दांडा हव्या त्या जागेच्या १.५ मिमी अलीकडेच थांबू शकतो. दाब वाढवत ०.६ बारवर आलो तर झडप ८.५ मिमी उघडते. दाब कमी करत त्याच ०.६ बारवर आलो तर ती ११.५ मिमी उघडी राहते. आज्ञा एकच, पण झडपेच्या जागा दोन!

यावर उपाय म्हणून झडपेच्या अंगावर 'पोझिशनर' नावाची पेटी बसवतात. एका तरफेने ती दांड्याला जोडलेली असते. दांडा प्रत्यक्ष कोठे आहे हे ती पाहते आणि आज्ञेशी ताडून बघते. जुन्या धर्तीच्या पोझिशनरमध्ये एका बारीक तोटीतून हवा सतत बाहेर पडत असते आणि तोटीसमोर एक पातळ पट्टी असते. दांडा हवा तितका वर गेला नसेल, तर पट्टी तोटीच्या जवळ येते, हवेची वाट अडते आणि तोटीमागचा दाब वाढतो. त्या इशाऱ्यावर पडद्याला जादा हवा मिळते. दांडा योग्य जागी पोहोचला की पट्टी पुन्हा मूळ जागी जाते. पट्टी केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकली तरी हा बदल घडतो. आजकालच्या पोझिशनरमध्ये पट्टीऐवजी पुष्कळदा इलेक्ट्रॉनिक चिप असते, पण तत्त्व तेच : आज्ञा दिली म्हणजे काम झाले असे धरायचे नाही, ते झाले का हे पाहायचे.

हे पाहिले नाही तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत पाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांपैकी एक तुंबली होती. ती मोकळी करताना थोडे पाणी झडपांना पुरवल्या जाणाऱ्या हवेच्या नळ्यांत शिरले. त्यामुळेच बहुधा त्या टाक्यांच्या झडपा बंद झाल्या आणि वाफ तयार करणाऱ्या भांड्यांना पाणी पुरवणारे पंप थांबले. झडप बंद होणे सुरक्षितच असते असे नाही, ते असे.

पुढे अणुभट्टीतील दाब वाढला आणि तो कमी करणारी एक सुटका-झडप उघडली. ही झडप विजेच्या इशाऱ्यावर चालणारी होती. दाब उतरल्यावर तिला बंद होण्याचा इशारा मिळाला, पण ती अडकून उघडीच राहिली. नियंत्रण-कक्षातला दिवा मात्र झडप कोठे आहे हे दाखवत नव्हता. तिला कोणता इशारा दिला आहे, एवढेच तो दाखवत होता. दिवा विझला म्हणून तेथील लोकांनी झडप बंद झाली असे मानले. सुमारे दोन तास वीस मिनिटे त्या झडपेतून अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी निघून जात राहिले आणि भट्टीच्या गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला.

यातून आपल्या विषयापुरते दोन धडे घ्यायचे. पहिला, झडपेची हवा कोरडी आणि स्वच्छ हवी. म्हणून कॉम्प्रेसरमधून आलेली हवा थंड करून, वाळवून आणि गाळूनच पुढे पाठवतात. दुसरा, आज्ञेचा दिवा आणि कामाचा दिवा वेगळे हवेत. महत्त्वाच्या झडपेच्या दांड्यापाशी खुणांची पट्टी आणि काटा असतो, तो याचसाठी. दुग्धालयातील ते तंत्रज्ञही कॉक बंद केल्यावर दाबमापकाकडे न पाहता दांड्यावरच्या काट्याकडे पाहत होते.

हवाच का?

विजेच्या मोटारीनेही झडप फिरवता येते, मग एवढा खटाटोप का? ज्वालाग्राही वायू असतात तेथे विजेच्या ठिणगीची भीती असते, हवेला ती नसते. हवा वातावरणात सोडून देता येते, तिच्यासाठी परतीचा नळ लागत नाही. पडदा अचानक अडला तरी हवा दबते, मोटारीसारखी जळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडद्याशेजारी स्प्रिंग ठेवणे अगदी सोपे असते. म्हणूनच आज संगणकाने चालणाऱ्या कारखान्यांतही आज्ञा तारेतून येते, पण शेवटचा हात बहुतेक ठिकाणी हवेचाच असतो.

परत येताना ती मुलगी बसमध्ये म्हणाली, "सर, मला वाटले होते की हवा हे त्या झडपेचे बळ आहे. पण ती हवेवर विसंबूनच नाही." तिचे म्हणणे थोडे दुरुस्त करायला हवे. रोजच्या कामासाठी झडप हवेवर विसंबते. हवा नसेल त्या दिवसासाठी ती स्प्रिंगवर विसंबते. चांगल्या यंत्रात या दोन्ही दिवसांचा विचार आधीच केलेला असतो.

सोडवून पाहा

१. एका झडपेच्या पडद्याचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंमी आहे. हवेचा दाब ०.२ पासून १.० बारपर्यंत वाढवल्यास ती ० पासून १५ मिमीपर्यंत उघडते. स्प्रिंगला दर मिलिमीटरला किती बल लागते? झडप बंद असताना स्प्रिंगचे बल किती?

२. लेखातील झडपेची स्प्रिंग तीच ठेवून १,००० चौरस सेंमीचा पडदा लावला, तर झडप किती दाबाला उघडू लागेल? किती दाबाला २० मिमी उघडेल?

३. पुढील ठिकाणी हवा गेल्यास झडप उघडावी की बंद व्हावी? कारणे द्या आणि वर्गात चर्चा करा : (अ) बॉयलरच्या तेलाचा नळ, (आ) चालू यंत्राला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा नळ, (इ) पाण्याच्या टाकीत क्लोरीन सोडणारा नळ.

उत्तरे : १. १६० न्यूटन, ६०० न्यूटन. २. ०.१ बार, ०.५ बार.